क्रूड, कोळसा, सोलर आणि आपलं बिल: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी वीज खरेदी-विक्रीच्या कामात आहे, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर युनिटचे भाव बघत बसायचं, आणि त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, गावी गेलो की पारावर, सगळीकडे लोक मलाच पकडतात. प्रश्न ठरलेले असतात. एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पुढे ढकलणार.

बाहेर क्रूड म्हणजे कच्चं तेल पडलं तरी आपल्याकडे पेट्रोल स्वस्त का होत नाही?

हा प्रश्न नंबर एक. आधी हिशोब करू. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. बॅरल ७० डॉलरला आणि डॉलर ८८ रुपयांना धरला तर कच्चं तेल पडतं लिटरला ३९ रुपयांच्या आसपास. त्यावर रिफायनरीचा खर्च, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन, आणि मग केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्रूड जमिनीवर आलं होतं तेव्हा केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवर लिटरमागे एकदम १० आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढवली, म्हणजे जी स्वस्ताई आपल्या खिशात यायची ती सरकारी तिजोरीत गेली. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये क्रूड चढलं तेव्हा एक्साइज कमी केली.

कागदावर पेट्रोल २०१० पासून आणि डिझेल २०१४ पासून बाजारभावाला सोडलंय, २०१७ पासून तर रोज भाव बदलायची पद्धत आहे. पण एप्रिल २०२२ नंतर २०२५ पर्यंत पंपावरचा बोर्ड कितीदा हलला आठवून बघा. सरकारने उन्हाळ्यात कर कापला, मग मार्च २०२४ ला २ रुपये कमी झाले, तेही निवडणुकीच्या तोंडावर. मधल्या काळात तेल कंपन्या कधी तोट्यात विकत होत्या कधी भरपूर नफ्यात. म्हणजे पंपावर जो आकडा दिसतो तो जागतिक बाजाराचा भाव नसतो, दिल्लीत आणि मुंबईत गाळून आलेला भाव असतो.

तेलाचा भाव मायनस झाला होता म्हणे, खरं का? म्हणजे तेल नेणाऱ्यालाच पैसे?

खरं. २० एप्रिल २०२०, अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय क्रूडचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरला बंद झाला. वायदा म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने माल घ्यायचा करार, आणि हा वायदा ज्याच्याकडे शेवटपर्यंत राहतो त्याला ओक्लाहोमातल्या कुशिंग गावात जाऊन खरं तेल ताब्यात घ्यावं लागतं. जग घरात बसलेलं, गाड्या बंद, विमानं बंद, कुशिंगच्या टाक्यांमध्ये मोकळी जागा विकत मिळेना. ज्यांनी फक्त कागदावर खेळ म्हणून वायदा घेतला होता ते कुणीही घ्या रे म्हणत सुटले.

आणि हा किस्सा लांबचा नाही. मुंबईच्या एमसीएक्स या कमोडिटी बाजारावरचा क्रूड वायदा त्याच अमेरिकन भावाला बांधलेला, लॉकडाऊनमुळे आपला बाजार संध्याकाळी ५ ला बंद व्हायचा आणि खरी पडझड झाली आपल्या रात्री. सकाळी उठून बघतात तर सौदे उणे २,८८४ रुपये बॅरलने मिटवलेले. नुकसानीची मर्यादा शून्य असते असं धरून बसलेले लोक कोर्टात गेले. माझ्या ओळखीतले एक काका अजून क्रूडचं नाव काढलं की विषय बदलतात.

मग तेल संपणार कधी?

शाळेत आपल्याला सांगायचे ३०-४० वर्षांत संपेल. ती ३०-४० वर्षं होऊन गेली. झालं असं की भाव चढला की जे तेल काढणं परवडत नव्हतं ते परवडायला लागतं. अमेरिकेने शेल नावाचा खडक फोडून त्यातून तेल काढायला सुरुवात केली आणि एकेकाळी आयातीवर जगणारा तो देश आज रोज १ कोटी ३० लाखांहून जास्त बॅरल काढतो, सौदीपेक्षा जास्त.

त्यामुळे मी हा प्रश्न उलटा विचारतो, की तेलाचं गिऱ्हाईक कधी कमी होणार? यावर मोठ्या मोठ्या संस्थांची भांडणं चालू आहेत. पॅरिसची इंटरनॅशनल एनर्जी एजन्सी २०२३ ला म्हणत होती की मागणी २०३० च्या आधीच शिखर गाठेल. ओपेक म्हणजे तेल विकणाऱ्या देशांची संघटना म्हणते छे, २०५० पर्यंत वाढतच जाणार, दिवसाला १२ कोटी बॅरलच्या वर. २०२५ च्या शेवटी एजन्सीनेच एक चित्र मांडलं की आजचीच धोरणं चालू राहिली तर मागणी २०५० पर्यंत वाढतच राहील. आता जग रोज १० कोटी बॅरलहून जास्त तेल पितं. ओपेकला मागणी वाढेल असं वाटणं म्हणजे हलवायाला लोक गोड सोडणार नाहीत असं वाटण्यासारखं आहे, पण म्हणून ते चूकच असतील असंही नाही.

ओपेक म्हणजे भाव ठरवणारी टोळी का?

टोळी म्हणा, पण आपसात पटत नसलेली. १९६० ला बगदादमध्ये पाच देशांनी सुरू केली: इराण, इराक, कुवेत, सौदी, व्हेनेझुएला. १९७३ ला अरब देशांनी तेल अडवलं आणि बॅरल ३ डॉलरवरून १२ च्या जवळ गेलं, तो त्यांचा सोन्याचा काळ. आता अमेरिकन शेल मध्ये आल्यामुळे एकट्याने दम देऊन चालत नाही, म्हणून २०१६ पासून रशियाला बरोबर घेऊन ओपेक प्लस. उत्पादन कापायचं ठरवतात आणि मग प्रत्येक जण हळूच थोडं जास्त काढतो. साखर कारखान्यांची बैठक ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं समजवायला नको.

होर्मुझ होर्मुझ काय लावलंय बातम्यांमध्ये?

इराण आणि ओमानच्या मधली अरुंद सामुद्रधुनी. जगाला लागणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा आणि कतारचा गॅस तिथून जातो. आपलं घरगुती सिलिंडरचं एलपीजी सुद्धा निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यातलं बहुतेक आखातातूनच. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण लढाई झाली तेव्हा रस्ता बंद झाला नव्हता, फक्त होईल या भीतीने क्रूड उडालं आणि लढाई थांबल्यावर काही दिवसांत खाली आलं.

आपण रशियाकडून एवढं तेल घेतलं ते स्वस्त होतं म्हणूनच ना?

हो. २०२२ च्या आधी रशियन तेल आपल्या आयातीत २ टक्केसुद्धा नव्हतं, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोपने पाठ फिरवली, रशियाने सूट दिली, आणि हा वाटा ३५-४० टक्क्यांपर्यंत गेला. गंमत अशी की त्याच तेलाचं डिझेल बनवून आपल्या रिफायनऱ्या युरोपलाही विकत होत्या, म्हणजे तेल तेच, फक्त जामनगरच्या रिफायनरीत अंघोळ करून गेलं. मग ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने यावरून भारतीय मालावर २५ टक्के जादा टॅरिफ लावला, ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध आणले. आपण लागणाऱ्या क्रूडपैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. १९७४ ला मुंबई हाय सापडलं तेव्हा वाटलं होतं सुटलो, पण ती फील्ड म्हातारी झाली आणि आपल्या गाड्या वाढतच गेल्या.

२०२२ ला युरोपात गॅस महाग झाला, त्याचा आपल्याशी काय संबंध?

हे जरा सविस्तर सांगतो कारण जग कसं जोडलेलं आहे ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

युरोप आपला आयातीचा गॅस साधारण ४० टक्के रशियाकडून पाइपने घ्यायचा. पाइप बंद होत गेले, सप्टेंबरमध्ये रशियाहून जर्मनीला येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनमध्ये स्फोट झाले, मग युरोपने जगभरात फिरणारी एलएनजीची जहाजं पैशाच्या जोरावर आपल्याकडे वळवली. एलएनजी म्हणजे उणे १६२ अंशाला थंड करून द्रव केलेला गॅस, आकारमान ६०० पट कमी होतं म्हणून जहाजात मावतो. ऑगस्ट २०२२ ला युरोपात गॅसचा भाव मेगावॅट-तासाला तीनशे युरोच्या वर गेला, नेहमीच्या दहापटीहून जास्त. जर्मनीने चेक फाडले. ज्याच्याकडे चेकबुक नव्हतं तो पाकिस्तान, त्याने जहाजं मागवायचं टेंडर काढलं तर एकाही विक्रेत्याने बोली लावली नाही. तिथे तासन्‌तास लोडशेडिंग.

पुढचा भाग मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. पाकिस्तानात वीज महागली, भरवसा गेला, आणि लोकांनी कुणाची वाट न बघता चिनी पॅनल आणून छतावर, शेतात, फॅक्टरीवर टाकले. २०२४ च्या एका वर्षात १७ गिगावॅटच्या आसपास पॅनल आयात झाले, कुठली मोठी सरकारी योजना नाही काही नाही. पण आता तिथल्या वीज कंपन्यांची पंचाईत अशी की ज्याला परवडतं तो ग्रिड सोडून गेला, आणि जुन्या प्लांटचे ठरलेले पैसे उरलेल्या गरीब गिऱ्हाइकांकडून वसूल करायचे, त्यामुळे वीज अजून महाग, त्यामुळे अजून लोक जातात. आपल्याकडे मोठे उद्योग बाहेरून वीज घ्यायला लागले की वितरण कंपनीच्या पोटात जो गोळा येतो तो याच भीतीने.

आणि आपण? दाभोळला जाऊन बघा. एन्रॉनच्या भांडणातून वाचलेला जवळपास २००० मेगावॅटचा गॅस प्रकल्प, गॅस परवडत नाही म्हणून बराच काळ थंडच असतो.

भारतात निम्मी वीज आता ग्रीन झाली असं वाचलं. मग कोळसा संपला म्हणायचा का?

नाही नाही नाही. हेडलाइन खरी आहे पण शब्द नीट वाचा. २०२५ च्या मध्याला देशातल्या वीजनिर्मितीच्या *क्षमतेपैकी* निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून झाली, म्हणजे सोलर, पवन, पाणी, अणू मिळून. पण सोलरचा १ मेगावॅट वर्षाला देतो साधारण १६-१७ लाख युनिट, कारण रात्र असते, ढग असतात, आणि कोळशाचा १ मेगावॅट देतो ५५-६० लाख. म्हणून प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजून ७० टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. २०२४-२५ मध्ये देशात कोळशाचं उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या पुढे गेलं.

जगाचंही तेच. २०२४ ला जगाने सोलर रेकॉर्ड लावलं, एकट्या चीनने एका वर्षात २७७ गिगावॅट, आणि त्याच वर्षी जगाने कोळसाही रेकॉर्ड जाळला. आतापर्यंत जे झालंय त्याला बदल म्हणण्यापेक्षा भर म्हणणं जास्त प्रामाणिक होईल, जुन्या चुलीशेजारी नवीन शेगडी आली पण घरात माणसं वाढली म्हणून दोन्ही पेटल्यात. फक्त विजेपुरतं बोलायचं तर चित्र बदलायला लागलंय, २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जगात रिन्यूएबल वीज पहिल्यांदा कोळशाच्या पुढे गेली.

पण जगाची ८० टक्के ऊर्जा अजून कोळसा-तेल-गॅसच आहे ना?

आहे. पण या आकड्यात एक गोम आहे. पेट्रोलच्या गाडीत ऊर्जेचा पाव हिस्सासुद्धा धड चाकापर्यंत पोचत नाही, बाकी सगळी उष्णता होऊन जाते, आणि आकडा मोजताना ती वाया गेलेली उष्णताही धरलेली असते. इलेक्ट्रिक गाडी ८० टक्क्यांच्या वर वापरते. म्हणजे ८० च्या जागी ८० भरायचे नाहीयेत, बरेच कमी भरायचेत.

सोलर एवढं स्वस्त असेल तर आमचं बिल का वाढतंय?

माझा लाडका प्रश्न, कारण हेच माझं रोजचं काम.

सोलर स्वस्त आहे हे खरंच. २०१७ ला राजस्थानात भाडलाच्या लिलावात युनिट २.४४ रुपये निघालं तेव्हा आमच्या लाइनमधले लोक वेडे झाले होते, आणि डिसेंबर २०२० ला गुजरातमध्ये १.९९. पण हा भाव *दुपारच्या* विजेचा. वीज जिथे खरेदी-विक्री होते त्या एक्स्चेंजवर दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. कित्येकदा दुपारी १ ला युनिट दोन-अडीच रुपयांच्या खाली असतं आणि त्याच दिवशी रात्री ८ ला, सूर्य गेला, घरी एसी लागले, तेव्हा १० रुपयांच्या सरकारी मर्यादेला जाऊन टेकतं. जर्मनीत २०२४ ला ४५७ तास भाव शून्याच्या खाली होता. वीज किती आहे यापेक्षा कधी आहे याला किंमत आलीय. तुमच्या बिलात ती रात्रीची वीज आहे, तारा-ट्रान्सफॉर्मर आहेत, गळती-चोरी आहे, जुन्या प्लांटचे करार आहेत. पॅनलचा भाग त्यात छोटा.

मग रात्रीचं काय? बॅटरी?

बॅटरी, आणि डोंगर. बॅटरी पॅकचा भाव २०१० ला किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ ला ११५ च्या आसपास आला.

डोंगराचं म्हणजे घाटघर. सह्याद्रीच्या कड्यावर वर एक धरण, खाली एक धरण, २५० मेगावॅट. मूळ आयडिया अशी की रात्री वीज कुणाला नको असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गरज असेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. आता सोलरमुळे उलटं गणित फायद्याचं झालंय, दुपारी चढवा, संध्याकाळी सोडा. सह्याद्रीचा उभा कडा अशा प्रकल्पांना फार सोयीचा, म्हणून कंपन्यांची रांग लागलीय, टाटा पॉवरचे भिवपुरी आणि शिरवटा मिळून २८०० मेगावॅटचे बेत आहेत. फक्त ती जागा म्हणजे पश्चिम घाट आहे, जंगल आणि ठाकर-कातकरी-महादेव कोळ्यांची गावं आहेत, हे ग्रीन ग्रीन म्हणताना लोक सोयीने विसरतात.

तिसरा उपाय सगळ्यात साधा: वापरच दिवसा न्यायचा. आपल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षं आठवड्याआड रात्रीची वीज मिळाली, जुन्नरला बिबट्याच्या भीतीत काठी-बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायचं. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सोलर टाकून शेतीचा फीडर म्हणजे पंपांची वीजवाहिनी त्यावर घ्यायची, म्हणजे ऊन असेल तेव्हा पंप. जगभरात शहाणी माणसं मागणी सूर्याकडे सरकवा असं म्हणतात, तेच हे. काम सगळीकडे पोचलेलं नाही, पण कल्पना मला मनापासून पटलेली आहे.

ईव्ही शेवटी कोळशावरच चालते ना? मग फायदा काय?

स्कूटरचा हिशोब करू. इलेक्ट्रिक स्कूटरला १०० किलोमीटरला चार्जिंगचा लॉस धरून साडेतीन युनिट लागली, आपल्या ग्रिडचं एक युनिट साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे अडीच किलोच्या आत. पेट्रोलची स्कूटर ४५ चं अॅव्हरेज देत असेल तर सव्वादोन लिटर, लिटरला २.३ किलो, म्हणजे ५ किलोच्या वर. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वेगळं, ते आहेच, पण रोज चालवली तर वसूल होतं. २०२४ ला जगात पावणेदोन कोटींच्या आसपास इलेक्ट्रिक गाड्या खपल्या, विकलेल्या दर पाच गाड्यांत एकीहून जास्त. नॉर्वेत तर नवीन गाड्यांपैकी ८९ टक्के, आणि तो देश स्वतः तेल-गॅस विकून श्रीमंत झालाय, याला म्हणतात आपला माल आपण न पिणं.

म्हणजे तेलाची गुलामी सोडून चीनची गुलामी?

बऱ्यापैकी. पॅनल, बॅटरी, रेअर अर्थ मॅग्नेट, सगळ्याची प्रक्रिया तिकडे एकवटलेली. कोबाल्ट काँगोतून निघतं पण शुद्ध होतं चीनमध्ये. एक फरक मात्र लक्षात घ्या: तेल बंद झालं तर गाडी त्या आठवड्यात उभी राहते, पॅनल यायचे बंद झाले तर नवीन लागणार नाहीत, छतावरचे पुढची २५ वर्षं चालू राहतात. आणि या धातूंचे भावही बेभरवशाचे, लिथियम २०२२ च्या शेवटी आकाशात होतं आणि वर्षभरात ८० टक्क्यांहून जास्त आपटलं.

इथेनॉलने काय साधलं? माझ्या गाडीचं अॅव्हरेज पडलं.

थोडं पडणारच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की हिशोबाने ६-७ टक्के फरक. २०१३-१४ ला मिश्रण दीड टक्का होतं, २०२५ ला २० झालं. आपल्या साखर पट्ट्यात यामुळे कारखान्यांकडे पैसा खेळला आणि उसाची बिलं सुटली, हे खरंय. पण २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला आणि डिसेंबरमध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं घातली, कर्ज काढून डिस्टिलरी उभी केलेल्यांना घाम फुटला. ऑगस्ट २०२४ ला बंधनं उठली. पाण्याचा विषय काढला तर वेगळा लेख होईल.

कोळसा बंद झाला तर चंद्रपूरवाल्यांचं काय होणार?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, जास्त विचारायला हवा. ब्रिटनने सप्टेंबर २०२४ च्या शेवटी रॅटक्लिफचा आपला शेवटचा कोळसा प्लांट बंद केला, ज्या देशात १८८२ ला लंडनमध्ये कोळशाच्या विजेची सुरुवात झाली होती तिथेच १४२ वर्षांनी शेवट. जर्मनीने कोळसा २०३८ पर्यंत बंद करायचा कायदा करताना त्या भागांसाठी ४० अब्ज युरो बाजूला काढले. आपल्याकडे चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, आजूबाजूला खाणी, ट्रकवाले, चहावाले, कंत्राटी कामगार, राखेने भरलेली फुप्फुसंसुद्धा त्यांचीच. शिवाय रेल्वेच्या मालवाहतुकीत निम्म्याच्या आसपास कोळसा असतो, आणि त्या कमाईवर प्रवासी तिकीट स्वस्त राहतं. म्हणजे बल्लारशाहचा कोळसा थांबला की त्याची झळ कर्जतच्या लोकलच्या पासापर्यंत येऊ शकते. नोकरी कायम असलेल्याला कुठेतरी सामावून घेतील, रोजंदारीवाल्याचं नावच कुठल्या कागदावर नाही.

हायड्रोजन?

स्टील, खत, जहाजं यांच्यासाठी ठीक. तुमच्या गाडीसाठी वाट बघत बसू नका.

सोसायटीवर सोलर टाकावं का?

टाका. घरगुतीला पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, सोसायटीच्या लिफ्ट-पंप-जिन्याच्या मीटरला किलोवॅटमागे १८,०००. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी धरून दिवसाला ४ युनिट मिळतात, कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ती निम्म्यावर येतात, तेव्हा उन्हाळ्याचं बिल दाखवून कोणी हुरळवत असेल तर त्याला जुलैचं विचारा. आणि वर्क ऑर्डर द्यायच्या आधी दुपारी ३ नंतर एकदा स्वतः गच्चीवर जा. आमच्या सोसायटीत ज्याला काम दिलं त्याने सकाळी येऊन माप घेतलं, आणि आता चार पॅनलवर रोज दुपारभर पाण्याच्या टाकीची सावली पडते.